एका टिंबासाठी

आमच्या वाचनालयाच्या पावतीवर ‘सभासदाचे नांव’ असं छापून यायचं. त्यातल्या ‘नां’वरच्या टिंबापायी कार्यकारिणीत एकवीस वर्षं दोन तट होते.

अध्यक्ष हे मराठीचे निवृत्त शिक्षक. गावातली निम्मी प्रजा त्यांच्या हातून ऱ्हस्वदीर्घासाठी छड्या खाऊन मोठी झालेली आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारनं 1962 साली मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार त्याच दिवशी खालसा झाले. 1972 साली आणखी चार नियम आले, चौदाचे अठरा झाले, पण गेलेलं टिंब काही परत आलं नाही. तेव्हा ‘नाव’ लिहा आणि मोकळे व्हा.

चिटणीस सराफकट्ट्यावरचे. त्यांच्या तीन पिढ्यांच्या वह्या ‘नांवें’ आणि ‘जमा’ अशाच लिहिल्या गेल्या. त्यांचा सवालही साधा आहे, “टिंब काढलं तर सभासदाची होडी विचारताय की नांव, हे कळायचं कसं?” आमच्या गावात नदी नाही, ओढा आहे, तोही पावसाळ्यापुरता. होडी असलेला एकही सभासद नाही. पण हे त्यांना सांगायचं कुणी?

मधल्या मध्ये सापडल्या त्या ग्रंथपालबाई. त्यांनी त्यावर शांतपणे तोडगा काढला होता. अध्यक्ष मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्या दिवशी फाडलेल्या प्रत्येक पावतीवरच्या टिंबावर बाई व्हाइटनरच्या पेनाचं टोक टेकवायच्या. इतर दिवशी टिंब जसंच्या तसं. गावातल्या कुणाकडेही जुन्या पावत्यांचा गठ्ठा असेल तर नुसत्या टिंबावरून वार सांगता येईल.

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं, पण आम्हाला नवीन कॉम्प्युटर मिळाला. नवीन म्हणजे आमच्यासाठी नवीन. विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा एका कार्यालयानं आपले कॉम्प्युटर मोडीत काढले. त्यातला एक, ऑफिस 2016 सकट, एका हितचिंतकानं आम्हाला भेट दिला. आमचा आधीचा होता एक्सपीचा, ज्याचा आधार 2014 सालीच संपला होता. म्हणजे अकरा वर्षांच्या अनाथाऐवजी आम्ही दीड महिन्याचं अनाथ दत्तक घेतलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि पेढा तोंडात असतानाच अध्यक्ष म्हणाले, “आता ते टिंब काढून टाका.”

हे काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच की माझा मुलगा आयटीत आहे. आमच्याकडे हे रक्तातून येतं असं मानतात.

वाचनालयाचं सगळं काम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये चालतं. हे सॉफ्टवेअर 1992 च्या नोव्हेंबरात जन्मलं. तेव्हापासून जगभरात कुठल्या ना कुठल्या संस्थेत कुणाच्या तरी भाच्यानं त्यात काहीतरी करून ठेवलेलं असतं. आमच्याकडे चिटणीसांच्या भाच्यानं. 2004 साली तो इंजिनिअरिंगला होता. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे आला, आंबे खाल्ले आणि जाता जाता वाचनालय कॉम्प्युटराइज्ड करून गेला. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, अनामत, विलंब दंड सगळं त्यात आलं. तपासणीला आलेले साहेब दर वेळी त्या पडद्याकडे कौतुकानं बघतात आणि मग बाईंकडून हस्तलिखित वही मागून घेतात. भाचा सध्या टोरांटोला असतो.

अ‍ॅक्सेसमध्ये एखादी गोष्ट वापरायची असेल तर ती एका रूपात उघडते आणि बदलायची असेल तर दुसऱ्या. त्या दुसऱ्या रूपाचं नाव डिझाईन व्ह्यू. त्याचं चित्र म्हणजे एक गुण्या, एक फूटपट्टी आणि एक पेन्सिल, कुणाची तरी कंपासपेटी सांडल्यासारखं. ते बटण दाबायचं, पावतीचा आराखडा समोर येतो, टिंब खोडायचं, सेव्ह करायचं. मुलानं फोनवर सांगितलं, “बाबा, दोन मिनिटांचं काम आहे.” आयटीतली दोन मिनिटं म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळलं.

फाइल पेन ड्राइव्हवरून नव्या कॉम्प्युटरवर आणली. उघडली तर आधी वर एक पिवळी पट्टी आली. सुरक्षेचा इशारा, काही मजकूर बंद ठेवला आहे, चालू करायचा असल्यास ‘एनेबल कंटेंट’ दाबा. बाई म्हणाल्या, “दाबू नका, बँकेनं सांगितलंय कशावर दाबायचं नाही म्हणून.” त्यांची समजूत घातली. दाबलं. आपलं नेहमीचं हिरवं पान आलं: देवघेव, वर्गणी, बाहेर.

आणि एवढंच आलं. जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये वर निदान मेनू असायचे. 2007 साली ते सगळे जाऊन त्या जागी रिबन नावाची रुंद पट्टी आली आणि डाव्या हाताला सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारा एक कप्पा आला, हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. पण आमच्या रिबनवर ‘होम’ एकटाच उभा, बाकीचं बिऱ्हाड गायब. डावीकडचा कप्पाही नाही. एफ 11 दाबलं की तो येतो म्हणतात, दाबलं, नाही आला. माऊसचं उजवं बटण दाबलं तर निदान काहीतरी यादी उघडते, तीही उघडेना. मी उजवं बटण इतक्या वेळा दाबलं की बाईंना शंका आली, “डावखुऱ्या माणसाचा कॉम्प्युटर असेल का हो हा?”

मुलाला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, ही अपग्रेडची भानगड नाही, ज्यानं फाइल बनवली त्यानंच मेनू, कप्पा, उजवं बटण सगळं बंद करून ठेवलंय. फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे त्यानं घातलेली बंधनं वगळून आत जाता येतं.

शिफ्ट दाबून धरणं ही तीन माणसांची कामगिरी असेल असं मला वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी शिफ्ट धरायची, मी माऊस चालवायचा, बाईंनी पडद्यावर लक्ष ठेवायचं अशी वाटणी झाली. अध्यक्ष कुठलीही गोष्ट ‘धरून’ ठेवत नाहीत, ते ठोकतात, फळ्यावर खडू ठोकायचे तसं. शिफ्ट पाच वेळा ठोकली की विंडोज स्टिकी कीज चालू करू का म्हणून विचारतं. ते विचारलं. बंद केलं. मग त्यांना ‘धरा’ आणि ‘दाबा’ यातला अर्थभेद सांगितला, तो त्यांना आवडला, आणि त्यांनी उजवीकडची शिफ्ट अशी धरली की सोडेचनात. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की फिल्टर कीज नावाचं दुसरं प्रकरण जागं होतं. तेही झालं. तिसऱ्या खेपेला डावी शिफ्ट, मोजून धरलेली. फाइल उघडली, पिवळी पट्टी आली, मी ‘एनेबल कंटेंट’ दाबलं आणि हिरवं पान पुन्हा छातीवर. कारण ती पट्टी दाबली की फाइल नव्यानं उघडते आणि तेव्हाही शिफ्ट धरलेली असावी लागते. अध्यक्षांनी तोवर हात काढून चष्मा पुसायला घेतला होता.

चौथ्या वेळी जमलं. डावीकडचा कप्पा उघडला आणि त्यात आमचं सगळं वाचनालय यादीसारखं उभं राहिलं. बाईंनी पदर खोचला. मी ‘पावती’वर माऊस नेला, उजवं बटण दाबलं, या वेळी यादी उघडली, त्या यादीत कंपासपेटीही होती, तिच्यापुढे ‘डिझाईन व्ह्यू’ अशी अक्षरं होती आणि ती अक्षरं करडी होती. कॉम्प्युटरवर करडं अक्षर म्हणजे सुतकातलं घर. दिसतं, पण शिवायचं नाही.

मी पुस्तकांचा तक्ता उघडून पाहिला. तो सताड उघडा! चाळीस वर्षांत जमवलेल्या ग्रंथांच्या नोंदी एका फटक्यात पुसून टाकायची पूर्ण मुभा. ‘पावती’वरचं एक टिंब पुसायची मात्र नाही. चिटणीस तेवढ्यात आले, परिस्थिती पाहिली आणि म्हणाले, “बघा, मशीनलासुद्धा कळतं.” ते खुशीत आहेत हे त्यांनी स्वतःहून चहा मागवला त्यावरून सगळ्यांच्या लक्षात आलं.

करड्या अक्षरांचं कारण सापडायला दोन दिवस लागले आणि ते होतं एका अक्षराचं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट आपल्याला दाखवत नाही. आपण म्हणतो ‘वाचनालय’, तिचं खरं पूर्ण नाव ‘वाचनालय डॉट काहीतरी’ असतं. ते शेपूट दाखवायची खूण केली आणि दिसलं: डॉट एमडीई. असायला हवं होतं एमडीबी. बी असेल तर फाइल मोकळी. ई असेल तर आतला कार्यक्रम पक्का करून मूळ लिखाण काढून टाकलेलं असतं. फॉर्म, पावत्या, अहवाल वापरा हवे तितके, पण त्यांचा आराखडा उघडत नाही. नव्या अ‍ॅक्सेसमध्ये नाही, जुन्यात नाही, शिफ्ट धरून नाही, दत्ताला नवस बोलून नाही. ईचं परत बी होत नाही. पिठाचे गहू करायला सांगण्यासारखं आहे ते. ज्यातून ई केली ती मूळ बी कुणीतरी जपून ठेवलेली असली पाहिजे.

म्हणजे नव्या कॉम्प्युटरचा, नव्या अ‍ॅक्सेसचा काही दोष नव्हता. त्यांना आम्ही दोन दिवस उगीच शिव्या दिल्या. टिंब 2004 पासूनच कुलूपबंद होतं. ते काढायला इतक्या वर्षांत कुणी गेलंच नव्हतं, निदान आमचा तसा समज होता.

संध्याकाळी वाचनालय उघडतं तेव्हा टोरांटोला सकाळ असते. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो दात घासत होता.

“काका, एमडीई मीच केली होती.”

“पण का रे बाबा?”

त्यानं चूळ भरली. मग हळू आवाजात म्हणाला, “मामा जवळ आहे का?”

मामा जवळ नव्हता. मामाचे अध्यक्ष जवळ होते.

“मामानंच सांगितलं होतं. म्हणाला, टिंब सरांच्या हाती लागता कामा नये, काय कुलूप घालायचं ते घाल. मग मी सगळीच कुलपं घातली.”

अध्यक्षांचा चेहरा मी बघितला नाही, कारण बघवला नसता. पण ते एवढंच म्हणाले, “मुलगा हुशार आहे. सहावीत होता माझ्याकडे एक वर्ष.” भाच्यानं मग मूळ बीचा पत्ता दिला. त्यानं ती सीडीवर घालून वाचनालयाला दिली होती, जाण्याच्या आदल्या दिवशी, बाईंच्या हातात.

बाईंनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, “मग ती दाखल झालेली असणार.”

आमच्या बाईंच्या हाताखालून जे वाचनालयात येतं ते दाखल होतं. एकदा पंख्याच्या खोक्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी शिक्का मारून, खिसा चिकटवून, ‘शास्त्र’ विभागात लावली होती आणि ती दोघांनी वाचायलाही नेली होती. सीडी म्हणजे तर अख्खी वस्तू. शोध घ्यायचा कुठे? त्याच कुलूपबंद फाइलमध्ये. हिरव्या पानावर ‘सीडी’ टाकलं. आलं! दाखल क्रमांक, प्रकार: सीडी, लेखक: चिटणीस यांचे भाचे, किंमत: भेट. आणि त्याच्या पुढे लाल अक्षरात: देवघेवीत. नोव्हेंबर 2011 पासून.

कुणाकडे?

बाईंनी पडदा थोडा आमच्याकडून वळवला. पण अध्यक्षांची नजर अजून शाबूत आहे.

“हो,” ते म्हणाले. “नेली होती मी.”

त्यांनीही प्रयत्न केला होता तर! 2011 साली त्यांना कुणीतरी सांगितलं की मूळ सगळं सीडीत आहे. त्यांनी रीतसर सही करून ती घरी नेली आणि नातवाला टिंब काढायला बसवलं. नातवाच्या कॉम्प्युटरवर ऑफिस होतं, पण ते घरगुती, विद्यार्थ्यांचं. त्यात वर्ड येतं, एक्सेल येतं, अ‍ॅक्सेस येत नाही. नातवानं सीडी घातली, काढली, आणि आजोबांना सांगितलं, “ही चालत नाही.” आजोबांनी विश्वास ठेवला आणि परत करायचं विसरले. चिटणीसांनी कुलूप घातलं होतं आणि अध्यक्ष किल्ली घरी ठेवून बसले होते. दोघांनाही पत्ता नव्हता.

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. गच्चीत कबुतरांसाठी दोरीला चार सीड्या टांगलेल्या होत्या. चौदा उन्हाळे खाल्लेली सीडी उघडेल का, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी स्टुलावर चढून एकेक सीडी उलटी करून बघितली. भक्तिगीतं, भक्तिगीतं, लग्न, आणि एक कोरी. “आपली नाही. शिक्का नाही.” वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का सीडीवरसुद्धा मारणारी बाई आहे ही, त्या शिक्क्यानंच आम्हाला वाचवलं. सीडी शेवटी शब्दकोशात मिळाली, ‘न’च्या पानात खूण म्हणून. अध्यक्षांनी तिथे ‘नाव’ शोधलं असणार आणि समाधान झाल्यावर कोश मिटला असणार.

नव्या कॉम्प्युटरला सीडीचं तोंडच नाही. जुना एक्सपी टेबलाखाली, मेजपोस पांघरून पडला होता. तो सुरू झाला, पण सीडीचा खण बाहेर येईना. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यात काहीतरी टोकदार घातलं की खण सुटतो. बाईंनी डोक्याची पिन काढली, सरळ केली, भोकात घातली. खण असा सुटला की आतून कुणीतरी जीभ काढून दाखवल्यासारखं झालं. सीडी वाचायला त्यानं घरघर घरघर करत सहा-सात मिनिटं घेतली. त्यात तीन फाइली होत्या: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘मामा फायनल’. आम्ही ‘मामा फायनल’ घेतली. टिंब कुठे असणार हे सांगायला मुलाला फोन करावा लागला नाही. शेपूट: एमडीबी.

पेन ड्राइव्हवरून नव्या कॉम्प्युटरवर. डावी शिफ्ट, एनेबल कंटेंट, पुन्हा डावी शिफ्ट. अध्यक्ष आता त्यात इतके तरबेज झाले होते की मी न सांगता धरत आणि सोडत होते. कप्पा उघडला. पावती, उजवं बटण. कंपासपेटीपुढची अक्षरं काळी होती!

दाबलं. पडदा बदलला. पावती आराखड्यासारखी पसरली, चौकटी, रेघा, बारीक टिपक्यांची जाळी, रांगोळीच्या कागदासारखी. डोकावून बघायला चिटणीसही आले. भाच्यानं काय काय केलंय ते त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होतं. मी ‘सभासदाचे नांव’वर टिचकी मारली आणि उजवीकडे त्या शब्दांच्या गुणधर्मांचा तक्ता उघडला. त्यात मराठी अक्षर नव्हतंच. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट हे असेच. आतून इंग्रजी अक्षरं, वरून मराठी वेश. तक्त्यात रोमन अक्षरांची भेळ होती आणि तिच्यात अध्येमध्ये मोठी अक्षरं. त्यातलं कुठलं आमचं टिंब?

“एकेक काढून बघा,” बाई म्हणाल्या. पहिलं काढलं तर ‘सभासदाच नांव’ झालं. परत घातलं. दुसरं काढलं तर भलताच शब्द. परत घातलं. तिसऱ्याला एक मोठा एम होता. तो काढला.

‘सभासदाचे नाव.’

कुणी काही बोललं नाही. चिटणीसांनी फक्त घसा साफ केला आणि म्हणाले, “होडी.”

सेव्ह केलं. कुलूपबंद फाइलीतल्या आजवरच्या नोंदी या फाइलीत आणून घेतल्या. आता करून बघायला एक खरी पावती हवी. ती कुणाच्या नावानं फाडायची यावर वाद झालाच नाही, कारण हिरव्या पानावर सीडीची नोंद अजून लालच होती. बाईंनी ती ‘परत’ केली. विलंब दंड रोज 10 पैसे, दिवस 5113, एकूण 511 रुपये 30 पैसे. अध्यक्षांनी पाकिटातून पाचशेची नोट, दहाची नोट आणि रुपया काढून टेबलावर ठेवला. 30 पैशांचं काय करायचं? 10 पैशांचं नाणं 2011 च्या जूनअखेर चलनातून गेलं, म्हणजे सीडी घरी गेली त्याच वर्षी. चिटणीस म्हणाले, “सोडून द्या.” अध्यक्ष म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” शेवटी अध्यक्षांनी रुपया परत उचलला, त्यांच्या नातसुनेनं यूपीआयनं 1 रुपया 30 पैसे पाठवले आणि वाचनालयाच्या डबीतून ते मिळाल्याची घोषणा सगळ्या देवघेवीला ऐकू गेली.

प्रिंटर कुरकुरला, पावती बाहेर आली. बाईंनी ती फाडली, खाली सही केली, शिक्का मारला, शेजारचं व्हाइटनरचं पेन उचललं आणि ‘ना’च्या डोक्यावर त्याचं टोक टेकवलं.

अध्यक्षांनी पावती खिडकीच्या उजेडात धरली. ‘ना’च्या वर एक पांढरा ठिपका अजून ओला होता.

“बाई, इथं काय होतं?”

“काही नाही, सर,” बाई म्हणाल्या. “शुक्रवार आहे ना.”